टिळकांचा शोध

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. मला देवाची इच्छा शोधणारे टिळक अधिक मोठे वाटतात. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात, आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनाने मन जिंकले. तरी वाचन, प्रार्थना, पत्रव्यवहार यांत दीडदोन वर्षे गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या.

येथे मी अडखळतो. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या निवडीची किंमत घर कशी मोजते, हे रोज पाहतो. देवाची इच्छा एकाला कळावी आणि मोल दुसऱ्याने द्यावे? पण लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे परतल्या त्या आपला धर्म सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, तेव्हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

टिळकांचा शोध मात्र बाप्तिस्म्याने संपला नव्हता. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनचे वेतन सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले.