तसबिरीतील गव्हर्नर : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

जुन्या कचेरीच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर, काळवंडलेल्या लाकडी चौकटीत, एखाद्या इंग्रज गव्हर्नराची छापील तसबीर कधी कधी दृष्टीस पडते. खाली नाव असते, हुद्दा असतो. पण त्या चेहऱ्यामागील इतिहास तसबीर सांगत नाही. अशाच एका गव्हर्नराचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाच तो पुरुष होय. सन १८०० मध्ये कंपनीने सुरतेचा कारभार नवाबाकडून आपल्या हाती घेतला होता. त्यामुळे आपले हे शहरही पुढे त्याच्या अमलाखाली आले.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. कंपनीच्या नोकरीसाठी १७९६ साली तो कलकत्त्यास उतरला, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. वाचनाचा छंद त्याला येथेच जडला व तो जन्मभर सुटला नाही. १८०३ च्या असईच्या लढाईत तो जनरल वेलस्लीबरोबर होता. पुढे नागपूरची वकिली व अफगाण दरबाराची कामगिरी आटोपून १८११ साली तो पुण्यास रेसिडेंट म्हणून आला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. संगमावरील रेसिडेन्सी जळाली व तिच्याबरोबर त्याचा ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला. पुढील वर्षी पेशवाई संपली. मराठी राज्य बुडविण्यात या पुरुषाचा हात मोठा होता, हे शल्य आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

परंतु चरित्र येथेच संपत नाही. १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले. १८२२ साली स्थापन झालेल्या शाळा व शालोपयोगी पुस्तकांच्या मंडळीचा तो अध्यक्ष होता. तिने मराठी व गुजराती पुस्तके छापविली, शिक्षक तयार केले आणि १८२६ साली सुरतेतही देशी भाषेची शाळा उघडली. १८२७ चा कायदेसंग्रह त्याच्याच नावाने ओळखला जातो.

ब्रिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्याने त्यांचे प्रयोजन विचारले. ही या लोकांच्या शिक्षणासाठी आहेत, आणि आम्हा इंग्रजांना स्वदेशी परत नेणारा राजमार्गही हाच आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. परिणाम ओळखूनही एल्फिन्स्टनने ते कार्य आपले कर्तव्य मानले.

१८२७ साली तो स्वदेशी निघाला, तेव्हा लोकांनी त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्यातून मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. गव्हर्नर-जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले. १८४१ साली त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडात त्याचा अंत झाला.

सुरतेचे सुपुत्र कवी नर्मद त्याच विद्यालयात शिकले. दादाभाई नौरोजी तेथेच शिकले व तेथेच प्राध्यापक झाले. १९०७ च्या डिसेंबरात याच सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन भरले व मोडले, तेव्हा एका बाजूस फिरोजशहा मेहता व गोखले हे एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते, तर दुसऱ्या बाजूस डेक्कन कॉलेजचे लोकमान्य टिळक होते. मार्गाविषयी त्यांच्यात मतभेद होते. पण स्वदेशाचा कारभार स्वदेशीयांच्या हाती यावा, ही तळमळ दोन्हीकडे होती. चाळीस वर्षांनी, १९४७ साली, इंग्रज त्या राजमार्गाने खरोखरच परत गेले.

म्हणून आम्हांस वाटते की, अशी तसबीर दिसली तर तिच्यापुढे हात जोडण्याचे कारण नाही आणि तिला तुच्छ लेखण्याचेही नाही. ज्याने आपले राज्य घेतले, त्यानेच मुलांच्या हाती पुस्तक दिले. राज्य राहिले नाही; पुस्तक मात्र राहिले. विद्यार्थी मित्रांनो, ते पुस्तक आज तुमच्या हाती आहे.