बोरीबंदर ते बेटेगाव : नाना शंकरशेट आणि आपली रेल्वे

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव लागते. पालघर जिल्ह्यातील हे एक लहानसे गाव. परंतु मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान रेल्वेमार्गावर जी बारा स्थानके योजली गेली, त्यांपैकी बोईसरचे स्थानक याच गावाच्या परिसरात आले आणि बेटेगावचे नाव एकाएकी नकाशावर ठळक झाले. जवळूनच मुंबई-सुरत हा जुना लोहमार्ग जातो. १८६४ साली या मार्गाने मुंबई गुजरातशी जोडली गेली. एकाच परिसरातून दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने जाणारे हे दोन मार्ग एकच जुना प्रश्न पुन्हा विचारतात. रेल्वे येते ती कोणासाठी, आणि ती येण्याचा निर्णय होतो तेव्हा त्या भूमीतील माणसाला बोलायला जागा असते काय?

हा प्रश्न ज्या एतद्देशीय माणसांसमोर सर्वांत आधी उभा राहिला, त्यांत जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे नाव अग्रभागी येते. भारतीय रेल्वेचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. हा गौरव सार्थ असला, तरी त्यात थोडे सुलभीकरणही आहे. रेल्वेच्या जन्माला लँकेशायरच्या कापूस गिरण्या, लंडनचे भांडवल आणि कलकत्त्याचे सरकार हे सारेच कारणीभूत होते. नानांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. परक्या भांडवलाच्या आणि परक्या सत्तेच्या त्या व्यवहारात मुंबईच्या माणसाची खुर्ची त्यांनी मांडली.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. जात दैवज्ञ ब्राह्मण. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात या घराण्याने व्यापारात मोठी संपत्ती मिळविली होती. वडील शंकरशेट गेले तेव्हा नानांनी विशीही गाठली नव्हती. इस्टेट, पेढी आणि घराण्याची पत हे सारे कोवळ्या खांद्यांवर आले. त्यांनी ती पत नुसती राखली नाही, तर वाढविली. अरब आणि अफगाण व्यापारी आपले धन बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या पेढीवर ठेवणे पसंत करीत, अशी त्यांची ख्याती होती. पुढे जे जे सार्वजनिक काम त्यांनी हाती घेतले, त्याच्या मुळाशी हीच विश्वासार्हता होती.

तो काळ मुंबईच्या घडणीचा होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली होती आणि दख्खनचा सारा व्यवहार हळूहळू मुंबईकडे वळत होता. मुंबईतील नव्या शिक्षणसंस्थांच्या उभारणीत नाना तरुण वयातच सामील झाले. एल्फिन्स्टन संस्थेचा पाया घालण्यात त्यांचा वाटा होता. सतीबंदीच्या प्रश्नावर ते सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली, आणि तीही अशा काळात की या गोष्टीसाठी समाजाची निंदा सोसावी लागे. शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते मातृभाषेतूनच दिले पाहिजे, अशी बाजू नानांनी हिरिरीने मांडली. इंग्रजांशी सहकार्य करावे, पण त्यांच्यासमोर मान तुकवू नये, हा त्यांच्या स्वभावाचा धागा रेल्वेच्या प्रकरणातही दिसतो.

मुंबईच्या रेल्वेची पहिली निश्चित कल्पना १८४३ मध्ये सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क याला भांडुपच्या भेटीत सुचली, असे इतिहास सांगतो. मुंबई बेटावरून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाटांकडे लोखंडी मार्ग न्यावा, अशी ती योजना होती. कारण उघड होते. सह्याद्रीच्या पलीकडे वऱ्हाड-खानदेशचा कापूस पिकत होता आणि तो बंदरापर्यंत आणायला बैल व बैलगाड्या यांपलीकडे साधन नव्हते. घाट उतरताना माल भिजे, मळे, वाटेत लुटला जाई. पावसाळ्यात तर वाहतूक जवळजवळ थांबेच. १८४६ मध्ये अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनाही हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली.

परंतु मँचेस्टर जागे होण्याआधीच मुंबईतील व्यापारी हलले होते. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईत रेल्वेसाठी संस्था स्थापन झाली. या खटपटीतून आणि लंडनमधील समांतर प्रयत्नांतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी ही कंपनी आकाराला आली. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. कंपनीच्या मुंबईतील संचालकांत नाना आणि जमशेटजी या दोघाच एतद्देशीयांचा समावेश होता. कंपनीचे पहिले कार्यालय नानांच्या गिरगावातील वाड्यातच होते, असे परंपरेने सांगितले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपनीच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. जमीनही सरकारने द्यावयाची होती. म्हणजे नफा झाला तर तो लंडनच्या भागधारकांचा, आणि तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून, पर्यायाने रयतेच्या खिशातून भरून निघायची. दादाभाई नौरोजींपासून पुढच्या पिढीतील अर्थचिंतकांनी ज्या आर्थिक शोषणावर बोट ठेवले, त्याचे एक मूळ या हमीत होते. नाना या व्यवस्थेचे शिल्पकार नव्हते, पण तिच्या आत बसूनच त्यांना काम करावे लागले. संचालक मंडळात दोन एतद्देशीय खुर्च्या असणे आणि धोरण एतद्देशीयांच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नानांना हा फरक कळत नव्हता, असे मानायला त्यांचे उर्वरित आयुष्य जागा देत नाही.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी कामाला आरंभ झाला. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता होते. रुळांमधील अंतर पाच फूट सहा इंच ठरले. आजही मुंबईची लोकल आणि बोईसरला थांबणारी प्रत्येक गाडी याच मापाच्या रुळांवरून धावते. आणि १६ एप्रिल १८५३ चा दिवस उजाडला. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीत, साहेब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढत बोरीबंदर सोडले. सुमारे ४०० निमंत्रितांमध्ये नानाही होते. ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटरचे अंतर गाडीने तास-सव्वा तासात कापले. रुळांच्या दुतर्फा लोकांची दाटी झाली होती. बैलाशिवाय धावणाऱ्या या गाडीभोवती पुढे अनेक वर्षे भीतीच्या आणि नवलाच्या दंतकथा फिरत राहिल्या. मात्र त्या भीतीवर लोकांनी फार लवकर मात केली. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीने हे सिद्ध केले की, ही रेल्वे केवळ कापसाची नव्हे, माणसांचीही आहे. स्पर्शाच्या भीतीने जो समाज एकमेकांपासून दूर बसत होता, त्याला एकाच बाकावर बसावे लागले.

यापुढचा मार्ग मात्र तोफांच्या सलामीचा नव्हता. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली, १८५६ मध्ये खोपोलीला. त्यानंतर समोर भोर घाट उभा राहिला. बोगदे खोदताना, कडे फोडताना आणि पटकीच्या साथींत तेथे हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने कामाची जबाबदारी उचलली, ही हकिकत आपण कौतुकाने सांगतो. परंतु घाटाचा खरा हिशेब मांडायचा तर त्या अनाम मजुरांपासूनच सुरुवात करावी लागेल. १८६३ मध्ये भोर घाटातून मुंबई आणि पुणे अखंड जोडली गेली.

दरम्यान नानांचे लक्ष अधिक मूलभूत प्रश्नाकडे वळले होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी, म्हणजे पहिली गाडी सुटण्याच्या आठ महिने आधी, बॉम्बे असोसिएशन ही मुंबईतील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे तरुण तिच्यात होते आणि अध्यक्षस्थानी नाना. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले असताना या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडून कारभारातील दोष दाखविले आणि राज्यकारभारात एतद्देशीयांना वाटा मागितला. रेल्वेच्या संचालक मंडळात बसणारे नाना आणि हा अर्ज करणारे नाना ही दोन वेगळी माणसे नव्हती. लोखंडी मार्ग हवा, पण तो कसा आणि कोणाच्या मताने, हेही विचारण्याचा अधिकार हवा, ही त्यांची भूमिका होती.

या भूमिकेची किंमत १८५७ मध्ये मोजावी लागली. उठावाच्या काळात मुंबईतील इंग्रजांचा संशय नानांवर गेला. बंडवाल्यांशी त्यांचे संधान असावे, असा आरोप झाला. चौकशीत पुरावा मिळाला नाही आणि ते निर्दोष ठरले. ज्याने आयुष्यभर सरकारशी सहकार्य केले, त्याच्याकडेही संकटसमयी संशयाने पाहिले जावे, यातून वसाहतीतील सहकार्याची मर्यादा कळते. पुढे १८६१ च्या कायद्यानंतर मुंबईच्या कायदेमंडळात नानांची नेमणूक झाली.

आता पुन्हा उत्तरेकडे वळू. जीआयपीचा मार्ग घाट चढत असताना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबीसीआय ही दुसरी कंपनी गुजरातेतून दक्षिणेकडे उतरत होती. १८६० मध्ये अंकलेश्वर ते उत्राण हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. दमणगंगा, वैतरणा, वसईची खाडी असे एकेक पाणी ओलांडत २८ नोव्हेंबर १८६४ रोजी हा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला. तारापूर, सातपाटी, डहाणू या किनाऱ्यावरून मुंबईकडे जाणारा माल तोवर गलबतांच्या आणि वाऱ्याच्या भरवशावर होता. आता त्याला रूळ मिळाले. ज्या ग्रँट रोडला हा मार्ग संपत होता, त्या परिसराशीच नानांचे नाव जोडलेले आहे; स्थानकाबाहेरचा नाना चौक आजही त्यांची आठवण सांगतो.

हा मार्ग खुला झाल्यानंतर आठ महिन्यांनी, ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, समभागांचा फुगा फुटला होता आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडत होत्या. अशा काळात, जिच्या पतीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवीत अशी एक पेढी चालविणारा माणूस गेला. एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी मिळविली. २०२५ मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव लागले होते.

नाव लागले, हे चांगलेच झाले. पण त्यांचा वारसा नामफलकापुरता नाही. पालघर परिसराची रेल्वेकथा पुढे वाढतच गेली. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत आली आणि बोईसरला कामगारांची दाटी झाली. तरीही विरारपलीकडे लोकल यायला एप्रिल २०१३ उजाडावा लागला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०१७ मध्ये अतिवेगवान रेल्वेची पायाभरणी झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील आदिवासी आणि शेतकऱ्यांनी जमिनींच्या प्रश्नावर ग्रामसभांतून आवाज उठविला. त्यांचा विरोध योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु मार्ग आपल्या जमिनीतून जाणार असेल तर आपले म्हणणेही ऐकले जावे, ही अपेक्षा बॉम्बे असोसिएशनच्या मागणीशी नाते सांगते.

नानांच्या काळी तो आवाज दोन श्रीमंत व्यापाऱ्यांच्या खुर्च्यांपुरता होता. भोर घाटातील मजुराला, कल्याणच्या शेतकऱ्याला तेथे जागा नव्हती. ही मर्यादा त्यांच्या काळाची होती. आज प्रजासत्ताकात ती असण्याचे कारण नाही. बेटेगावच्या स्थानकातून उद्या जी गाडी सुटेल, ती किती वेगाने धावते हे घड्याळ सांगेल. तिच्यात आणि जुन्या मार्गावरच्या डहाणू लोकलमध्ये या भागातल्या माणसाला जागा मिळते की नाही, याचे उत्तर मात्र घड्याळाकडे नाही. नानांनी मांडलेल्या खुर्चीची रांग आपण कुठवर वाढवितो, यावर ते ठरेल.