प्रश्न विचारणारा जावई

पत्रकार परिषदेची ती क्लिप तुम्ही पाहिलीच असेल. कुठली ते विचारू नका, कुठलीही घ्या. अवघड प्रश्न येतो, नेता गालात हसतो, चष्मा सारखा करतो आणि दुसऱ्याच पत्रकाराकडे बोट दाखवतो. आपण चिडतो, स्टोरी टाकतो, खाली लाल तोंडाचा इमोजी लावतो आणि लेक्चरला जातो. आपल्या विधिमंडळाच्या छापील उत्तरांत तर याची ठरलेली भाषाच आहे. हे खरे नाही, आणि त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही. विषय संपला!

आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय, त्यांनाही अशीच गुळगुळीत उत्तरं मिळायची. फरक एवढाच, की ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधान त्यांचे सासरे होते. फिरोज गांधी.

नाव वाचून तुमच्या डोक्यात काय आलं असेल ते माहितीये. इंदिरा गांधींचे पती, राजीव आणि संजयचे वडील, आणि आडनावावरून फिरणारे फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड. ते फॉरवर्ड जरा बाजूला ठेवा. पारशी कुटुंब, जन्म १२ सप्टेंबर १९१२, आपल्या मुंबईतला. वाढले अलाहाबादला, डॉक्टर मावशीकडे. १९३० मध्ये, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे असताना, त्यांच्या कॉलेजबाहेर काँग्रेसच्या महिला निदर्शनं करत होत्या. कमला नेहरूंना उन्हाने भोवळ आली आणि फिरोज मदतीला धावले. लवकरच त्यांनी कॉलेज सोडून चळवळीत उडी घेतली. (हे वाक्य घरी दाखवू नका.) मग तुरुंग, मग शिकायला लंडन, १९४२ ला लग्न आणि १९५२ ला रायबरेली भागातून लोकसभा.

लोकसभेत सुरुवातीची वर्षं ते फारसे बोललेच नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये बोलायला उभे राहिले ते आकड्यांची चळत घेऊनच. रामकृष्ण दालमिया हे तेव्हाचे बडे उद्योगपती. त्यांच्या विमा कंपनीतला लोकांचा पैसा कसा भलतीकडे वळवला जातोय, हे फिरोज यांनी सभागृहात मांडलं. पुढच्या वर्षी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एलआयसी जन्माला आली. सगळं त्या एका भाषणामुळे झालं म्हणणं जरा जास्त होईल, पण धक्का त्याचाही होता.

याच काळात त्यांना एक विचित्र गोष्ट खुपत होती. खासदार सभागृहात जे बोलतो त्यासाठी त्याच्यावर खटला भरता येत नाही. पण तेच शब्द पेपरात छापले, तर संपादक मात्र अडकू शकतो! म्हणजे प्रश्न विचारायची मोकळीक आहे, पण तो लोकांपर्यंत पोचायची खात्री नाही. फिरोज यांनी स्वतः खासगी विधेयक आणलं आणि १९५६ मध्ये ते मंजूरही झालं. संसदेत काय घडलं याचं खरं वार्तांकन सद्हेतूने छापणाऱ्या वृत्तपत्राला कायद्याचं कवच मिळालं. लोक त्याला फिरोज गांधी कायदा म्हणायचे. मास कॉम करणाऱ्यांनो, हा तुमच्या अभ्यासक्रमात एका ओळीत उरकला जातो. माझ्याही उरकला होता.

आता मुख्य प्रकरण. जून १९५७ मध्ये नव्याकोऱ्या एलआयसीने कोलकात्याच्या हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. त्यात भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. गुंतवणुकीचा निर्णय तपासायला एलआयसीची समिती होती, तिला आधी विचारलंच नाही. आणि पैसा कुणाचा? हप्ते भरणाऱ्या साध्या पॉलिसीधारकांचा.

लोकसभेत प्रश्न आले. इथे थोडी प्रोसिजर समजून घ्या, मजेशीर आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर, त्यावर उपप्रश्न नाही. खरी परीक्षा उपप्रश्नात. पहिलं उत्तर मंत्री कागदावरून वाचतो, दुसऱ्याला त्याला स्वतःच्या डोक्यातून बोलावं लागतं. मुंदडा प्रकरणात सरकारची उत्तरं व्याकरणात अगदी बरोबर असायची, फक्त त्यातून काही कळायचं नाही.

फिरोज यांनी आरडाओरडा केला नाही, सभात्यागही केला नाही. शेअर बाजाराचे भाव गोळा केले, तारखा जुळवल्या, कागदपत्रं मिळवली. १६ डिसेंबर १९५७ ला ते सगळं सभागृहापुढे ठेवलं. कुठला शेअर बाजारात कितीला होता आणि एलआयसीने कितीला घेतला, हे ते मांडत गेले. बाजार सावरायला खरेदी केली, हे सरकारचं म्हणणं त्या आकड्यांपुढे लंगडं पडायला लागलं. समोरच्या बाकावर त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री होते, टी. टी. कृष्णमाचारी. रात्रीच्या जेवणाला घरी काय वातावरण असेल, कल्पना करा.

चौकशी द्यावीच लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी बंद दाराआड न करता खुली ठेवली. मुंबईत त्या सुनावणीला एवढी गर्दी झाली की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले! मंत्री म्हणाले आपण मंजुरी दिली नव्हती, सचिव म्हणाले दिली होती. छागलांनी महिनाभराच्या आत काम संपवलं. सचिवाने जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. चार वर्षांनी ते मंत्रिमंडळात परतले आणि पुढे पुन्हा अर्थमंत्रीही झाले, हेही सांगायला हवं. नाहीतर ही गोष्ट फारच गोड होईल.

त्याच वर्षी फिरोज यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. ८ सप्टेंबर १९६० ला दिल्लीत ते गेले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

पुढचं त्यांनी पाहिलं नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. त्यानंतरच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच स्थगित झाला, म्हणजे उपप्रश्नाची भानगडच नको. डिसेंबरमध्ये अध्यादेश काढून फिरोज गांधी कायदा रद्द केला गेला. पंतप्रधान कोण होत्या, हे वेगळं सांगायला नको. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो कायदा परत आणला.

१६ डिसेंबर १९५७ ची ती चर्चा तुम्हाला आजही वाचता येते. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेचे जुने वृत्तांत आहेत, फुकट, स्कॅन केलेली इंग्रजी पानं. तारीख टाकून शोधा. फिरोज यांचं भाषण वाचाच, पण त्याआधीची सरकारची उत्तरंही वाचा. काही वाक्यं कालच्याच बुलेटिनमध्ये ऐकल्यासारखी वाटतील.