देवळालीचे कापरेकर सर आणि ६१७४

पाचोरा किंवा चाळीसगावहून मुंबईच्या गाडीत बसलं की नाशिक रोडनंतर देवळाली लागते. भडगावचे आपण किती वेळा तिथून गेलो असू! त्या गावात एक साधे शाळामास्तर होते, ज्यांचं नाव आज जगभरच्या गणितात घेतलं जातं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून, ज्योतिषाचा शौक असलेले. आकड्यांची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शिक्षण ठाण्यात, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बीएस्सी झाले. पुढची डिग्री नाही. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी मैत्री केली. अनेक मोठ्या गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटलं. सर थांबले नाहीत.

त्यांचा सर्वात प्रसिद्ध शोध १९४६ चा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३२ - २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० - ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ - २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच पोहोचते.

आता शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसची तयारी करणाऱ्या मुलांनी इकडे लक्ष द्यावं. ६१७४ चे मूळ अवयव पाडा: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. उर्दू माध्यमातली मुलं मूळ संख्येला मुफ्रद अदद म्हणतात, हिसाब तोच. २ एकदा, ३ दोनदा, ७ तीनदा. प्रत्येकात एक मिळवून गुणा: २ × ३ × ४ = २४. म्हणजे ६१७४ ला एकूण २४ विभाजक. एकेक शोधत बसायची गरज नाही. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना सरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं.

१९६६ मध्ये पत्नी गेल्या. निवृत्तीनंतर पैशांची ओढाताण होती, म्हणून सर शिकवण्या घेत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे मास्तर कळले. तोवर सत्तरी आली होती. १९८६ मध्ये ते वारले.

आपली मुलं भागाकाराच्या कसोट्या पाठ करतात आणि पेपरात घाबरतात. पाठांतराने मार्क मिळतील, पण संख्येची भीती जात नाही. ती जाते संख्या फोडून आत बघितल्यावर. त्याला ना महागडा क्लास लागतो, ना मोठं शहर. सरांकडे वही, पेन्सिल आणि सब्र होता. आज मगरिबनंतर मुलांसोबत बसा, एक संख्या निवडा आणि तिचे मूळ अवयव पाडा. अम्मी-अब्बांनाही मजा येईल.