सरासरीखालचे सगळे उपाशी नसतात

शाळेत सरासरी शिकवली जाते ती बेरीज करून भागण्यापुरती. वर्गाची सरासरी उंची काढली, की तिच्याखालची मुले खुजी असे सहज वाटून जाते. हीच समजूत उपाशी माणसे मोजताना वापरली तर काय होते, हे सांगण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची अनेक वर्षे गेली.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताची पदवी, मग १९३६ मध्ये लंडनची डॉक्टरेट. १९४० पासून ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते. देशभरातले प्रत्येक शेत कापून मोजता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापायचे आणि तोलायचे. तुकडा केवढा असावा, यावर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा वाद झाला. आखलेल्या रेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते बहुधा आतच घेतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने कड जास्त, त्यामुळे उत्पन्न फुगते. असे लहान तुकडे हजारो कापले तरी ही चूक भरून निघत नाही, कारण ती एकाच बाजूला झुकलेली असते. नमुना मोठा म्हणजे बरोबर, असे मानणाऱ्यांनी हे आजही लक्षात ठेवावे.

पुढे १९७० पर्यंत ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत, हा त्या काळचा गाजलेला आकडा त्यांनी खोडून काढला.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी उष्मांकांचा प्रश्न धरला. एकाच वयाच्या, वजनाच्या आणि सारखेच काम करणाऱ्या दोघांची गरज वेगळी असते. एकाच माणसाचे खाणेही आठवड्यागणिक बदलते. सरासरी गरज हीच सीमारेषा धरली, तर सगळे पोटभर जेवणाऱ्या गावातही सुमारे निम्मे लोक कुपोषित ठरतील. म्हणून सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून रेषा आखावी, असे त्यांनी सुचवले.

पुण्यातच वि. म. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. रेषा खाली आणली की कागदावर उपाशी माणसे कमी होतात, ही टीकाकारांची भीती खोटी नव्हती. गरिबाचे शरीर कमी खाण्याशी जुळवून घेते, पण त्याची किंमत कामातून आणि वाढीतून मोजते, असेही त्यांचे म्हणणे होते. सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यात वारले, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.