कमला निंबकर : भारतात ऑक्युपेशनल थेरपी आणणाऱ्या अमेरिकन सूनबाई

लकव्यातून माणूस वाचतो, पण शर्टाचं बटण लावता येत नाही. पुढे काय? स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या दवाखान्यांकडे याचं उत्तर जवळपास नव्हतंच. ते आणलं कमला निंबकरांनी.

जन्म १९००चा, मूळ नाव एलिझाबेथ लंडी, घराणं अमेरिकेतलं क्वेकर. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर अमेरिकेत जाऊन पुन्हा विद्यार्थिनी बनल्या. १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं.

ही फिजिओथेरपी नव्हे, हा घोळ आजही होतो. इथे सुरुवात होते ती पेशंट रोज काय करायचा या चौकशीपासून. समजा, शिरपूर जैनच्या एखाद्या शेतकऱ्याचा उजवा हात लुळा पडलाय. त्याला विळा धरायचाय. आधी खांदा, बोटं, पकड तपासतात. मग काम तुकड्यांत शिकवतात: नुसती मूठ वळणं, वाटी उचलणं, बटण लावणं. पकड येतच नसेल तर विळ्याची मूठच जाड करून देतात. हात बदलत नसेल तर अवजार बदलायचं! काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते, गरज पडली तर ध्येयही बदलतं. वेळखाऊ आहे, म्हणूनच अनेक जण मध्येच सोडतात.

१९५२मध्ये थेरपिस्टांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तीही कमलाताईंच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या १० संस्थापक देशांत भारत होता. १९७९मध्ये त्या गेल्या. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं.