सर्जिकल ग्लोव्हज कुणासाठी बनले होते? डॉ. हाल्स्टेड यांची गोष्ट

शॉपिंग ॲपवर 'सेफ्टी ग्लोव्हज' असं सर्च करून बघा. निळे, पांढरे, काळे, जाड, पातळ, शेकडो प्रकार दिसतील. आपण बहुतेक वेळा किंमत आणि स्टार बघतो आणि ऑर्डर करून मोकळे होतो. पण खरा प्रश्न वेगळाच असतो: हा ग्लोव्ह कशापासून वाचवणार आहे, आणि कुणाला? हा प्रश्न नीट समजायला मला एका सर्जनच्या आयुष्याची मदत झाली. त्यांचं नाव डॉ. विल्यम स्टुअर्ट हाल्स्टेड.

कोण होते हाल्स्टेड?

जन्म १८५२, न्यूयॉर्क. येल कॉलेजमधून १८७४ मध्ये पदवी, १८७७ मध्ये डॉक्टर. मग दोन वर्षं युरोपात शिकून ते न्यूयॉर्कला परतले आणि अल्पावधीत नावाजलेले सर्जन झाले.

१८८४ मध्ये बातमी आली की कोकेनमुळे डोळा बधिर करता येतो. हाल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःलाच इंजेक्शन देऊन प्रयोग सुरू केले. नसेजवळ औषध दिलं की त्या नसेचा पुढचा सगळा भाग बधिर होतो, हे त्यांनी दाखवलं. आज दाढ काढताना डॉक्टर हिरडीत सुई देतात, त्यामागे हीच कल्पना आहे. पण त्या काळी कोकेनच्या व्यसनाचा धोका नीट माहीत नव्हता. हाल्स्टेड व्यसनात अडकले. उपचारासाठी दाखल झाले, तिथून मॉर्फिनची सवय लागली आणि ती पुढे सुटली नाही. न्यूयॉर्कमधलं करिअर संपलं. डॉ. वेल्च या मित्राने त्यांना बाल्टिमोरला आपल्या लॅबमध्ये बोलावून घेतलं. १८८९ मध्ये तिथे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि हाल्स्टेड पुन्हा ऑपरेशन करू लागले.

एका नर्सचे हात

त्या वेळी ऑपरेशनआधी हात जंतुनाशक रसायनांत बुडवायचे. त्यातलं एक होतं मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांवर त्याने पुरळ उठलं, त्वचा खराब झाली. काम सोडण्याची वेळ आली.

हाल्स्टेड यांनी न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीला विचारलं: प्रयोग म्हणून पातळ रबरी ग्लोव्हजचे दोन जोड बनवून द्याल का? (टायरवाली गुडइयर ती वेगळी, ती १८९८ ची.) ग्लोव्हज आले, उपयोगी पडले, आणखी मागवले. जून १८९० मध्ये हाल्स्टेड आणि कॅरोलिन यांचं लग्नही झालं!

आता गंमत बघा. हे ग्लोव्हज पेशंटसाठी नव्हतेच, ते नर्सच्या त्वचेसाठी होते. हळूहळू हत्यारं हातात देणारे असिस्टंट ते वापरू लागले. त्यांना इतकी सवय झाली की उघड्या हातांपेक्षा ग्लोव्हज घालूनच काम चांगलं होतं असं ते म्हणू लागले. पण सर्जन स्वतः बराच काळ उघड्या हातांनीच ऑपरेशन करत राहिले. हाल्स्टेड यांचे शिष्य डॉ. जोसेफ ब्लडगुड यांनी १८९६ च्या सुमारास प्रत्येक ऑपरेशनला ग्लोव्हज घालायला सुरुवात केली. १८९९ मध्ये त्यांनी हर्नियाच्या ४५० हून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब मांडला, तेव्हा जखमेतला संसर्ग खूपच कमी झालेला दिसला. उत्तर कित्येक वर्षं हातात होतं, अक्षरशः! इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचं हाल्स्टेड यांना पुढे नवल वाटायचं. १९२२ मध्ये ते गेले.

रबर सगळीकडे चालत नाही

हाल्स्टेड यांचं रबर चाललं, कारण समोर पाण्यात मिसळलेलं रसायन होतं. आता उलटं उदाहरण. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्यांनी योग्य काळजी घेतली होती. नंतर चाचणीत कळलं की हे रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होतं. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दोन्हीकडे पाराच, दोन्हीकडे रबरच, पण निकाल उलटा.

मग निवडायचं कसं?

- ऑइल, ग्रीस: लॅटेक्स खराब होतं, नायट्राइल घ्या.
- रसायन: बाटलीसोबतच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये ग्लोव्हचं मटेरियल लिहिलेलं असतं, ते बघा. कापडी ग्लोव्ह नकोच, तो रसायन शोषून त्वचेला चिकटवून ठेवतो.
- पत्रा, काच: ईएन ३८८ चं चिन्ह आणि त्याखालचे आकडे बघा. घासणं, कापणं, फाटणं, टोचणं यांना ग्लोव्ह किती टिकतो ते त्यात कळतं.
- वीज: साधा रबरी ग्लोव्ह चालत नाही. आयईसी ६०९०३ नुसार क्लास ० चे ग्लोव्हज १००० व्होल्ट एसीपर्यंत असतात. दर वेळी हवा भरून भोक नाही ना ते तपासायचं.
- फिरतं ड्रिल, लेथ: इथे ग्लोव्ह घालायचाच नाही. तो अडकला तर हात आत ओढला जातो.

आणि साइज! ढिला ग्लोव्ह पकड घालवतो, घट्ट ग्लोव्ह माणूस थोड्या वेळाने काढूनच ठेवतो. काढून ठेवलेला ग्लोव्ह कुणालाच वाचवत नाही. म्हणून ऑर्डर करण्याआधी स्टार नंतर बघा, आधी बघा की समोर धोका काय आहे.